आधी वाटी ठरवा: पहिलं पुस्तक म्हणून ‘रुचिरा’

नवीन संसार मांडणाऱ्याला, शिकायला किंवा नोकरीला परगावी निघालेल्या मुलामुलींना ‘रुचिरा’ द्यायची पद्धत मराठी घरांत कित्येक वर्षांची आहे. कमलाबाई ओगल्यांचं हे पाककृतींचं पुस्तक १९७० साली किर्लोस्कर प्रेसनं काढलं, पुढे मेहता पब्लिशिंग हाऊसकडून आवृत्त्या निघत राहिल्या, दुसरा भागही आला. भेट म्हणून पुस्तक उत्तम, त्यात वाद नाही. पण ज्यानं अजून वरणाचा कुकर लावलेला नाही, त्याचं पोट या पुस्तकावर भरेल का? पुरणपोळी आणि चिरोटे बाजूला ठेवा. वरणभात, मऊ भात-मेतकूट, पिठलं, पोहे, थालीपीठ हे दमून घरी आल्यावर हवंसं वाटणारं खाणं यातून जमेल का, एवढ्यापुरतंच हे परीक्षण.

जमेल. मात्र शेजारी एक पेन्सिल हवी, आणि पहिला पदार्थ करायच्या आधी एक वाटी ठरवायला हवी.

कमलाबाई मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. शाळा चौथीपर्यंत, स्वयंपाक शिकल्या सासूबाईंच्या हाताखाली. पुस्तकाचं मोठेपण त्यांनी धरलेल्या मापात आहे: वाटी आणि चमचा. १९५६ च्या कायद्यानं देशात दशमान वजनमापं आली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती सक्तीची झाली. म्हणजे पुस्तक निघालं तेव्हा बाजारात किलो-ग्रॅम रुळत होते, पण घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी शेर, पावशेर, छटाक होतेच. स्वयंपाकघरात वजनकाटा तर कोणाकडेच नसायचा. वाटी मात्र प्रत्येक फडताळात होती. एक वाटी डाळ, दोन वाट्या पाणी म्हटलं की शेर आणि ग्रॅम दोन्हींची भानगड मिटते.

वाटीचं माप म्हणजे प्रमाण. वाटी लहान असो की मोठी, तीच वाटी शेवटपर्यंत वापरली तर तांदूळ-पाण्याचा हिशेब बरोबर येतो. घोटाळा होतो तो वाटीनं न मोजायच्या जिनसांत. मीठ, हळद, हिंग, तिखट चमच्यानं जातात आणि चमचा काही वाटीबरोबर लहानमोठा होत नाही. घरातल्या वाट्या १०० मिलीपासून २०० मिलीपर्यंत कुठल्याही असतात, आणि बाजारातल्या मापाच्या संचातला कप २४० मिलीचा. एक वाटी बेसनाच्या पिठल्याला चहाचा एक सपाट चमचा मीठ हे माप १५० मिलीच्या वाटीला बरोबर बसतं. त्याच शब्दांवर विसंबून २४० मिलीचा कप भरून बेसन घेतलं तर पिठलं अळणी होणार. दीड चमचा लागेल. नवशिक्याला वाटतं पुस्तकच चुकलं.

म्हणून आमटीची एक वाटी निवडा, काठोकाठ पाण्यानं भरा आणि ते पाणी काट्यावर तोला. १५० ग्रॅम भरलं तर वाटी १५० मिलीची. काटा नसेल तर औषधाबरोबर येणारं मापाचं झाकण किंवा बाळाची दुधाची बाटली चालते. आकडा पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहा आणि ती वाटी डाळ-तांदळाच्या डब्यात टाकून द्या, म्हणजे ती जेवणात फिरणार नाही. चमच्याचंही तसंच. चहाचा चमचा ५ मिलीचा धरायचा. पोहे खायचा चमचा घरोघरी ८ ते १० मिलीचा असतो आणि मापाच्या संचातला मोठा चमचा १५ मिलीचा. ‘एक चमचा तिखट’ वाचून पोह्याचा चमचा शीग लावून भरला की पुढचं सांगायला नको. खुलासा नसेल तिथे चहाचा, सपाट चमचा धरा. कमी पडलं तर वरून घालता येतं.

पिठं मोजताना आणखी एक मेख आहे. २४० मिलीच्या कपात चाळलेलं बेसन ९०-१०० ग्रॅम बसतं, डब्यात कप खुपसून चेपून काढलं तर १२० च्या आसपास जातं. पिठल्यात हा फरक लगेच कळतो. पीठ चमच्यानं वाटीत टाकायचं आणि वर सुरीनं सपाट करायचं, दाबायचं नाही.

आता भाषेकडे वळू. त्या पिढीची सगळीच पुस्तकं थोडक्यात लिहिलेली असतात: वर साहित्य, खाली कृती, चार-सहा ओळींत पदार्थ संपला. फोटोंची रेलचेल नाही, ‘या टप्प्यावर असं दिसेल’ हे दाखवणारं चित्र नाही. ज्या घरात आजी ओट्याशी उभी आहे, तिथे एवढं पुरतं. एकट्या खोलीत मात्र शब्द अडतात. ‘खमंग भाजा’ यातला खमंग नाकासाठी आहे, रंग त्यामागून येतो. बेसनाचा वास दाण्यांसारखा यायला लागला की आच बंद करायची, रंग बदलेपर्यंत थांबलात तर उरलेल्या उष्णतेनं ते करपतं. ‘आधण’ म्हणजे खळखळ उकळतं पाणी, कोमट नव्हे. ‘वैरणे’ म्हणजे आधणात तांदूळ किंवा पीठ सोडणं. ‘मोहन’ म्हणजे पिठात घालायचं कडकडीत तेल. ‘दणदणीत वाफ’ म्हणजे झाकणाच्या कडेनं वाफ जोरात बाहेर यायला लागल्यावर पुढची दोन-तीन मिनिटं. ‘सुपारीएवढा गूळ’ साधारण १० ग्रॅम, ‘लिंबाएवढी चिंच’ २५ ते ३०. ‘बेताचं पाणी’ याला मात्र आकडा नाही. तिथे अर्ध्या मापानं सुरुवात करून वाढवत न्यायचं.

सर्वांत जास्त नुकसान ‘फोडणी करून’ या दोन शब्दांनी होतं. नवशिका सगळं सामान एकदम कढईत टाकतो, मग मोहरी कच्ची राहते आणि हळद जळते. चौघांच्या भाजी-आमटीला तेल एक मोठा चमचा. तेल तापलं का हे एक मोहरीचा दाणा टाकून बघायचं. तो तळाशी नुसता पडून राहिला तर थांबा, टाकल्याबरोबर तडतडला तर तेल तयार. मग अर्धा चमचा मोहरी, ती तडतडून आवाज मंदावला की जिरं. जिरं फुलायला फार तर दहा सेकंद. आता गॅस बंद करून हिंग पाव चमचा आणि शेवटी हळद. हळद तापलेल्या तेलात पाच-सहा सेकंदांत रंग सोडते, त्याहून जास्त राहिली की तपकिरी होते आणि अख्ख्या आमटीला कडवटपणा येतो. कढीपत्ता धुतल्यावर पुसून घ्या, पाण्याचा थेंब गेला तर तेल अंगावर उडतं. लसूण किंवा मिरची असेल तर ती जिऱ्यानंतर, गॅस चालू असतानाच. इंडक्शनवर गोल बुडाचं कढलं चालत नाही, सपाट बुडाचं लहान पातेलं लागतं. त्यात तेल पसरतं, म्हणून पातेलं कलतं धरायची सवय काहींना असते. इंडक्शनवर तेही करता येत नाही, बूड उचललं की आच बंद. तिथे तेल अर्धा चमचा वाढवा.

हे समासात लिहिलंत की निम्मं पुस्तक उलगडतं.

वरण घ्या. तूरडाळ १ वाटी चौघांना पुरते. दोनदा धुवा, अर्धा तास भिजवा, दोन वाट्या पाणी, चिमूट हळद, हिंग, तेलाचे चार थेंब. परदेशात तेल लावलेली तूरडाळ मिळते, ती गरम पाण्यानं चोळून धुवावी लागते, नाहीतर वरणावर तवंग येतो आणि वास राहतो. कुकरच्या तळाला दोन वाट्या पाणी, खाली डाळीचं भांडं, त्यावर ताटली, वर भाताचं भांडं. शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही. तीन लिटरच्या कुकरची शिट्टी आणि साडेपाच लिटरच्या कुकरची शिट्टी सारखी नसते, आच मोठी ठेवली तर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतात. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा, पुढे १२ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ घालवली तर भात वरून फुटतो आणि डाळीचं पाणी उतू जाऊन तळाच्या पाण्यात मिसळतं.

डाळ शिजली नाही तर दोष बहुधा तुमचा नसतो. जुनी डाळ शिजत नाही. बोअरच्या जड पाण्यात शिजत नाही, त्यातला चुना दाण्याला मऊ होऊ देत नाही. आणि चिंच, टोमॅटो, आमसूल आधी घातलं तर नक्कीच नाही, कारण आंबटपणानं डाळ मऊ व्हायची थांबते. आंबट नेहमी शिजल्यावर. मग गरम असतानाच, पाणी न घालता, रवीनं घोटा. या एका पायरीवर गोड्या वरणाची सगळी मदार आहे. आधी पाणी ओतून घोटलं तर दाणे रवीला चुकवत फिरतात आणि ताटात वर पाणी, खाली डाळ अशी फाळणी होते. घोटून झालं की दीड ते दोन वाट्या उकळतं पाणी, मीठ पाऊण चमचा, हवा तर सुपारीएवढा गूळ आणि एक उकळी. लिंबू आणि तूप पानात.

भाताला ‘दुप्पट पाणी’ हे माप आंबेमोहोर किंवा कोलम, साधारण सहा महिने ते वर्षभर जुना, असं गृहीत धरून बसतं. नवा तांदूळ पाणी कमी पितो. नव्या इंद्रायणीला पावणेदोन वाट्या पुरे, नाहीतर गोळा होतो. पिशवीवर ‘जुना’ लिहिलं असेल आणि भात टणक लागला तर पाव वाटी वाढवा. पुस्तकाच्या समासात तांदळाचं नाव आणि पाणी लिहून ठेवा, पोतं बदललं की आकडा बदलतो.

मऊ भात हा वेगळा पदार्थ आहे, जास्त पाणी पडलेला भात नव्हे. १ वाटी इंद्रायणी किंवा आंबेमोहोराची कणी, ४ ते ५ वाट्या पाणी, अर्धा चमचा मीठ शिजतानाच. पातेलं निम्म्याच्या वर भरू नका, फेस येऊन शिट्टीत जातो. शिजल्यावर डावानं घोटायचा. वर मेतकूट, तूप, कडेला लिंबाचं लोणचं. तापातून उठलेल्या माणसाला आणि रविवारी सकाळी कशातच मन नसलेल्या माणसाला एकच औषध.

मेतकूट विकत मिळतं आणि वाईट नसतं, पण पुडी फोडल्यावर आधी हिंगाचा आणि सुंठीचा वास यायला हवा. नुसता डाळीच्या पिठाचा वास आला तर ते शिळं आहे. घरी करायचं तर हरभरा डाळ १ वाटी, उडीद डाळ अर्धी, तांदूळ अर्धी, गहू पाव वाटी, धणे आणि जिरे एकेक मोठा चमचा, मोहरी आणि मेथी एकेक छोटा चमचा. सगळं वेगवेगळं, कोरडं, बारीक आचेवर भाजायचं. एकत्र भाजलं तर गहू कच्चा असताना जिरं जळतं. मेथीला नुसता रंग चढायला लागला की उतरवा, गडद झाली की सगळं मेतकूट कडू. पूर्ण गार झाल्यावर हळद, सुंठ, हिंग एकेक छोटा चमचा घालून बारीक दळायचं. गरम दळलं किंवा गरम बरणीत भरलं की आत दमट होतं, गुठळ्या धरतात आणि पंधरा दिवसांत खवट लागतं.

आता पिठलं. घरात काही नसताना होणारं, आणि नवशिक्याकडून हमखास बिघडणारं. पुस्तकात ‘पीठ कालवून’ आणि ‘पीठ पेरून’ असे दोन शब्द भेटतील, त्यांच्यात गल्लत करू नका. पेरून केलेला तो कोरडा झुणका, कालवून केलेलं ते ओतता येणारं पिठलं. १ वाटी बेसनाला ३ वाट्या पाणी घेतलं तर भातावर ओढायचं, अडीच घेतलं तर भाकरीशी तुकड्यानं उचलायचं. एक वाटी गार पाण्यात पीठ कालवा, सगळं पाणी एकदम ओतू नका. आधी अर्ध्या वाटीत दाट लापशीसारखं घोटून गुठळ्या मोडा, मग उरलेलं घाला. दाट मिश्रणात गुठळी बोटांना सापडते, पातळात निसटते. फोडणीला तेल दोन मोठे चमचे, लसणाच्या सात-आठ ठेचलेल्या पाकळ्या, चार मिरच्या. कांदा हवा तर घाला, लसूण टाळू नका. त्यावर उरलेल्या दोन वाट्या पाण्याचं आधण ठेवा, मीठ एक चमचा, आणि ते खळखळ उकळल्यावर कालवलेलं पीठ एका हातानं बारीक धारेनं सोडत दुसऱ्या हातानं ढवळत राहा. आधण कोमट असलं तर पीठ तळाशी बसून चिकटतं.

दोन मिनिटांत पिठलं दाट दिसतं आणि बहुतेकजण इथेच फसतात. दाट झालं म्हणजे शिजलं नाही. अजून त्याला कच्चट वास असतो, आणि ते घशात चिकटतं. झाकण ठेवून बारीक आचेवर सहा-सात मिनिटं शिजवा. रटरटताना शिंतोडे उडतात, ते हातावर बसले तर चटका मोठा असतो, म्हणून झाकण काढायचं ते स्वतःकडून पलीकडे. शिजलेल्या पिठल्याला वरून चकाकी येते आणि कडेनं ते कढई सोडतं. उतरवताना हवं त्याहून थोडं पातळच ठेवा, पानात पडेपर्यंत ते आणखी आळतं. गुठळ्या राहिल्याच तर रवी फिरवा, कोणाला कळत नाही. कोकणातलं कुळथाचं पिठलं याच रीतीनं, फक्त कुळीथ पीठ निम्मं (अर्ध्या वाटीला अडीच ते तीन वाट्या पाणी) आणि दोन आमसुलं शेवटच्या उकळीला.

पोह्यांच्या पानाशी थांबून एक शब्द ठळक करून ठेवा: जाड. कांदेपोह्यांना जाड पोहे, दडपे पोहे आणि चिवड्याला पातळ. दुकानात नुसतं ‘पोहे’ मागितलं तर कुठलेही हातात येतात, आणि पातळ पोह्यांना पाणी लागलं की लगदा. दुसरा शब्द ‘भिजवा’. जाड पोहेसुद्धा पाण्यात ठेवायचे नसतात. चाळणीत घेऊन नळाखाली हातानं फिरवत धुवा, पाणी निथळू द्या, दहा मिनिटं झाकून ठेवा. दाण्यावरचं पाणी तेवढ्या वेळात आत जिरतं. मग एक दाणा दोन बोटांत दाबून बघा. सहज चुरडला, पण न दाबता आकार धरून आहे, तर बरोबर. मध्ये कडक कणी लागली तर पाण्याचा एक हबका आणि पाच मिनिटं. मीठ आणि अर्धा चमचा साखर याच वेळी पोह्यांना चोळा. कढईत वरून भुरभुरलं तर एका घासाला खारट, दुसऱ्याला अळणी.

१५० मिलीच्या ३ वाट्या पोहे दोघांना भरपूर होतात. तेल दोन मोठे चमचे, आणि यात काटकसर नको. कमी तेलाचे पोहे गार झाल्यावर घशात अडकतात. आधी दाणे तळून बाजूला काढा, फोडणीतच ठेवले तर नरम पडतात. मग फोडणी, मिरच्या, कढीपत्ता, कांदा. कांदा पारदर्शक झाला की पुरे, तांबूस झाला तर गोडसर लागतो आणि पोह्यांची चव बदलते. हळद अर्धा चमचा, पोहे, हलक्या हातानं खालीवर, झाकण, बारीक आचेवर तीन-चार मिनिटं. झाकणाला आतून थेंब जमले की गॅस बंद. झाकण न ठेवता परतत राहिलात तर पोहे वाळतात, चिवट होतात, आणि वरून कितीही पाणी मारलं तरी मूळपदावर येत नाहीत. लिंबू गॅस बंद केल्यावर, खोबरं-कोथिंबीर पानात. बटाटा घालायचा असेल तर अगदी पातळ काप करून कांद्याच्या आधी वाफवून घ्या. पुष्कळ घरांत कांदा आणि बटाटा एकदम पडतात आणि मग बटाटा कचकच लागतो.

थालिपिठाची भाजणी पहिल्या वर्षी विकतच घ्या. ती घरी करणं म्हणजे सहा-सात धान्यं वेगवेगळी भाजून गिरणीत नेणं, आणि गिरणीवाला आधी मिरची दळत असेल तर सगळं तिखट. विकतच्या भाजणीत उडीद आणि धणे आहेत का हे पाकिटावर वाचा. उडदामुळे पीठ धरून राहतं, धण्यामुळे थालिपिठाचा तो ओळखीचा वास येतो. २ वाट्या भाजणी, एक कांदा, तिखट एक चमचा, मीठ, एक मोठा चमचा मोहन, कोमट पाणी पाऊण ते एक वाटी. भिजवून ठेवू नका, कांद्याला पाणी सुटतं आणि पीठ सैल होतं. ओल्या फडक्यावर थापा, मध्ये पाच भोकं, भोकांत तेल. कडा फाटत असतील तर पाणी कमी, तव्याला चिकटत असेल तर तवा पुरेसा तापला नव्हता. झाकण ठेवून पहिली बाजू चार-पाच मिनिटं, उलटल्यावर दोन-तीन. लोण्याबद्दल वेगळं लिहायची गरज नाही.

मसाल्याबद्दल मात्र आहे. पुस्तकात आमटीला ‘काळा मसाला’ किंवा ‘गोडा मसाला’ लिहिलं असेल तर तो धणे, खोबरं, तीळ, दगडफूल यांचा सौम्य पुणेरी मसाला. सोलापूर-नगरकडचा काळा मसाला झणझणीत असतो, कोल्हापूरच्या कांदा-लसूण मसाल्यात मिरचीच मुख्य. नाव पाहून पाकीट उचललं आणि पुस्तकातलं माप घातलं तर आमटी तोंडात धरवत नाही. घरी तिखट मसालाच असेल तर माप निम्मं करा आणि वेगळं तिखट घालू नका. उरलेल्या निम्म्याच्या जागी धणे-जिरे पूड चालते.

साबुदाण्याच्या खिचडीसाठी एकच टीप, कारण बाकी सगळं पुस्तकं बरोबर सांगतात. पाणी साबुदाण्याच्या वर बोटभर नको, नुसतं त्याच्या पातळीला येईल एवढं, चार-पाच तास. दाणा चिमटीत पूर्ण चिरडायला हवा. दाण्याचं कूट, मीठ, साखर कढईबाहेरच मिसळून घ्या, कूट दाण्यांभोवती बसतं आणि ते एकमेकांना चिकटत नाहीत.

तेव्हा घ्यावं का? मराठी नीट वाचता येतं, गॅस पेटवायची भीती नाही, आणि अडलं तर फोन करायला घरचं कोणी आहे, अशाला पहिलं पुस्तक म्हणून ‘रुचिरा’ जरूर. प्रमाणांवर भरवसा ठेवता येतो आणि पाककृतींची संख्या एवढी की पुढची वीस वर्षं दुसरं पुस्तक घ्यायची निकड पडत नाही. ज्याला उकळी म्हणजे काय इथपासून सुरुवात करायची आहे, त्यानं महिनाभर वरचे चार-पाच पदार्थ कोणाकडून तरी डोळ्यांनी बघून शिकावेत आणि मग पुस्तक उघडावं. व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना हे पुस्तक वेगळ्या कारणानं उपयोगी आहे: व्हिडिओत पिठलं दिसतं, पण पाणी किती वाट्या ओतलं ते बहुतेकदा दिसत नाही.

दुसरा भाग लगेच घेऊ नका, पहिल्यातली रोजची पंधरा-वीस पानं डागाळेपर्यंत थांबा. पुस्तक ओट्यावर उघडं ठेवू नका, हळदीचा हात लागला की अक्षर जातं. करायची ती कृती चिठ्ठीवर आपल्या वाटीच्या मापात लिहून फडताळाच्या दारावर चिकटवा. पदार्थ झाल्यावर पाणी जास्त झालं की कमी, मीठ किती पुरलं, कुकर किती मिनिटं ठेवला एवढं पेन्सिलीनं समासात चढवा. पेन नको, पुढच्या पोत्यातला तांदूळ वेगळा निघाला की खोडावं लागतं.